शून्य सावलीच्या दिवशी

डोळे मिटू नका. मनन म्हटलं की पापण्या आपोआप जड होतात. आज त्या उघड्या राहू द्या. आज जे बघायचं आहे ते जमिनीवर पडलेलं आहे.

जागा जामसर. पालघर जिल्हा, जव्हार तालुका. दिवस २० मेच्या आगेमागे, वेळ दुपारी साडेबाराच्या किंचित पुढची. तिथं जाणं जमणार नसेल तर आपल्या गावातलं, आपल्या वॉर्डातलं एखादं मोठं झाड गाठा. ऊन मात्र खरं हवं. पंख्याखाली बसून सावलीचा विचार होत नाही. मी करून पाहिला आहे.

आधी उन्हात उभे राहा, मोहाच्या झाडापासून वीसेक पावलं दूर. खाली बघा. आपली सावली पायांशी गोळा होऊन बसली आहे, जणू तिलाच चटका लागतो आहे. हातात काठी असेल तर ती जमिनीवर अगदी सरळ उभी धरा. काठीला सावलीच नाही. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या प्रत्येक गावाला वर्षातून दोनदा हा दिवस मिळतो, सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जव्हार विसाव्या अक्षांशाच्या जरा अलीकडे, म्हणून इथं तो २० मेच्या सुमाराला येतो. मुंबईत चार-पाच दिवस आधी. दुसरी पाळी जुलैच्या उत्तरार्धात येते, पण तेव्हा इथं सूर्य दिसण्याची आशा कोणी धरत नाही.

आता आजूबाजूला नजर फिरवा. घाई नको. विजेचा खांब बघा, घराची कुडाची भिंत बघा, कुंपणाचे मेढे बघा. ज्याला नुसती उंची आहे त्याची सावली या घटकेला गेली. ज्याला पसारा आहे त्याचीच उरली. वीस पावलांवरचा मोह तेवढा आपल्या अंगाखाली काळं वर्तुळ धरून उभा आहे.

आणखी थोडा वेळ उन्हातच थांबा. कपाळावरून घामाचा एक थेंब ओघळू द्या. मग सावकाश चाला आणि सावलीची कड ओलांडा.

कुठे कळलं ते आधी? बहुतेकांना मानेवर कळतं. मग खांदे सैल पडतात, कपाळावरची आठी आपोआप सुटते. श्वास किती वेळ अर्धाच चालला होता हे आत आल्यावर लक्षात येतं. बसा आता. मुळाशी नको, खोडाला टेकूनही नको, तिथं मुंगळे असतात. वर्तुळाच्या मध्यापासून थोडं बाजूला बसा.

पत्र्याच्या शेडखालीही सावली असते. मग तिथं असं का वाटत नाही? पत्रा ऊन अडवतो, पण स्वतः तापतो आणि ती धग खाली सोडत राहतो. पान ऊन अडवतं आणि मुळांनी वर पाठवलेलं पाणी वाफेच्या रूपानं सोडतं. त्या वाफेबरोबर उष्णता निघून जाते, म्हणून पान पत्र्यासारखं तापत नाही. आणि पान एकटं नसतं. वर बघा. एका पानाच्या फटीतून आलेलं ऊन दुसऱ्यानं झेललं आहे, दुसऱ्याकडून सुटलेलं तिसऱ्यानं. पाच-सात थर ओलांडून जे खाली येतं ते कवडशाएवढं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा हिशेब असा, की ऐन उन्हात सावलीतला पृष्ठभाग उघड्यावरच्या पृष्ठभागापेक्षा ११ ते २५ अंश सेल्सिअसनं थंड असू शकतो. शेजारच्या उन्हातल्या दगडावर तळहात ठेवा, मग सावलीतल्या दगडावर. आकडा विसरलात तरी चालेल.

त्या वर्तुळात माझ्या आधीच एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी विचारलं, "बाबा, हा मोह कोणी लावला?"

"वाघळानं," ते म्हणाले, आणि विडी काढली.

खरंच आहे. मोहाची गरदार फुलं आणि फळं वटवाघळं खातात, बी दूर नेऊन टाकतात. पण मोह टिकला तो माणसांनी टिकवला म्हणून. शेताच्या बांधावर उगवलेलं रोप नांगरताना वळसा घालून सोडलं, त्याच्या फुलांवर पिढ्यान्‌पिढ्या हक्क सांगितला, त्यावरून भांडणंही केली. लावलेलं झाड आणि राखलेलं झाड यांत दुसरं जास्त मोठं होतं, असा माझा अनुभव आहे.

हा मोह फेब्रुवारीत बघायला हवा होता. तेव्हा पानं गळत होती. मार्चमध्ये तो उघडा पडला आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके धरले. पहाटेपासून फुलं टपटपत होती आणि खाली झाडून ठेवलेल्या जमिनीवर बायका-पोरं ती वेचत होती. मग तांबूस पालवी आली. आणि आता, पावसाला अजून तीन-चार आठवडे असताना, विहिरींनी तळ गाठलेला असताना, हा असा गर्द आहे. थांबा इथे जरा. ज्या महिन्यात जमिनीत ओल नाही, त्याच महिन्यात या झाडानं सगळी पानं नवी घेतली. जुनी टाकून पाणी वाचवलं, मुळं कातळाच्या भेगांत खोल गेलेली, तिथून जे मिळालं त्यावर पालवी फोडली. पाऊस येईल तेव्हा पानं तयार असावीत, हा त्याचा स्वतःसाठीचा बेत. त्या बेताच्या खाली आपण बसलो आहोत.

प्रत्येक झाडाचं असं पंचांग असतं, आणि शहरासाठी झाड निवडताना ते कोणी उघडत नाही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. फुलला की डोळे निवतात, हे कबूल. पण मार्च-एप्रिलमध्ये तो वाळक्या शेंगा लोंबवत उघडा उभा असतो. सावली नीट धरतो ती पावसाळ्याच्या तोंडावर. फांद्या ठिसूळ, मुळं उथळ, आणि पहिल्या वादळात रस्त्यावर आडवा. त्याच्या उलट करंज. तो मार्च-एप्रिलात पानं टाकतो न टाकतो तोच पोपटी, चकाकणारी पालवी घेऊन उभा राहतो आणि मेमध्ये त्याच्याखालून ऊन दिसत नाही. मुळांवरच्या गाठींमधून नत्र धरतो, निकस जमिनीत तग धरतो, दिसायला मात्र साधा. करंजाचा फोटो कोणी काढत नाही. माझं मत विचाराल तर आपल्या कोकणपट्टीतल्या रस्त्यांवर दर तीन झाडांत एक करंज असायला हरकत नाही. बाकीच्या दोनांचा विचार पुढे करू.

आता मान खाली करा आणि कान द्या. इथून शहर फार लांब नाही.

जव्हार हेही शहरच. मुकणे राजांचं संस्थान होतं तेव्हापासूनचं. नगरपरिषद १९१८ ची. पण इथली माणसं शहर म्हणतात ते वेगळं. दिवाळी झाली, नागली-वरई घरात आली की पाड्यांवरची कुटुंबंच्या कुटुंबं जगायला बाहेर पडतात: वसई, विरार, भिवंडी, कल्याण, ठाणे, मुंबई. कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर बिगारी. कोणी होळीला परततात, कोणी पावसाच्या तोंडावर. याच डोंगरांमधून वैतरणा जाते. तिच्यावरचे मोडकसागर, अप्पर वैतरणा आणि २०१४ साली पुरं झालेलं मध्य वैतरणा हे मुंबईला पाणी पाजणाऱ्या सात तलावांपैकी तीन. इथून शहराकडे पाणी जातं आणि माणसं जातात. सावली तेवढी नेता येत नाही. ती तिथल्या तिथं उगवावी लागते.

एक नाका डोळ्यांसमोर आणा. तुमच्या ओळखीचा, जिथून तुम्ही रोज जाता. सकाळी आठला तिथं माणसं उभी असतात, हातात थापी, घमेलं, डब्याची पिशवी. मुकादम येतो, बोट दाखवतो, काही जण टेम्पोत चढतात. उरलेली अकरापर्यंत वाट बघतात. ती कुठे उभी राहतात ते आठवा. होर्डिंगच्या पायाशी, बंद दुकानाच्या वळचणीला, पुलाच्या खांबाच्या पट्टीत. ऊन सरकतं तशी सावलीची पट्टी सरकते आणि पट्टीबरोबर माणसांची रांग. मेच्या मध्यावर, दुपारी साडेबाराला, होर्डिंगखाली तीही पट्टी नसते. आणि त्या रांगेतलं एखादं माणूस असं असतं की त्याच्या घराशेजारी हा मोह आहे.

त्या नाक्यावर मनानंच एक झाड ठेवून बघा. घाईनं ठेवू नका, कारण चुकीच्या जागी ठेवलेलं झाड दहा वर्षांनी कुऱ्हाडीखाली जातं. आधी वर बघा, तारा आहेत का. तारांखाली मोठं झाड लावणं म्हणजे त्याला जन्मभर भादरत राहणं. मग खाली बघा, गटार कुठे, पाण्याची लाइन कुठे. मग सूर्य बघा. बाराचं ऊन डोक्यावरून येतं, पण खरं भाजतं ते दोन ते पाचचं, पश्चिमेचं. म्हणून माणसं जिथं उभी राहतात त्याच्या पश्चिमेला झाड हवं, म्हणजे दुपार कलली की सावली पूर्वेला त्यांच्या अंगावर येईल. हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. तरी मी कितीतरी बसथांब्यांशेजारी पूर्वेला लावलेली झाडं पाहिली आहेत; दुपारभर ती समोरच्या भिंतीला सावली देतात.

जागा केवढी आहे? चौक रुंद असेल, मैदान असेल, तळ्याचा काठ असेल तर वड, पिंपळ, नांदरूक. त्यांना ऐसपैसपणा लागतो आणि तो देता येत नसेल तर लावू नयेत. दुकानाच्या दारात लावलेल्या वडाला पुढे शिव्याच खाव्या लागतात. नेहमीच्या रस्त्याला करंज, जांभूळ, शिरीष. जांभळं पडून फरशी रंगते, लोक कुरकुरतात, मुलं मात्र कुरकुरत नाहीत. अरुंद गल्लीला बकुळ: वाढ मंद, पण बारा महिने हिरवी आणि दाट. समुद्राकाठच्या खाऱ्या वाऱ्याला उंडी. सोसायटीच्या अंगणाला ताम्हण, आपलं राज्यफूल. ते फार मोठं होत नाही आणि मेमध्ये जांभळं होतं. बेहडा शहरात फारसा कोणी लावत नाही. रुंद रस्त्याच्या कडेला त्याला एकदा संधी द्यायला हवी. कडुनिंब देशावर देवासारखा, पण जव्हारसारख्या धो-धो पावसाच्या मुलखात पाणी साचलेल्या मातीत तो रमत नाही. आणि मोह? मोहाला फूल यायलाच दहाएक वर्षं लागतात, तो सावकाश वाढतो, म्हणून नर्सरीवाले ठेवत नाहीत. एखाद्या बागेत एक तरी असावा, नाक्यावरच्या माणसांना ओळखीचं कोणीतरी म्हणून.

पर्जन्यवृक्षाबद्दल दोन शब्द. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झाड मुंबईच्या जुन्या रस्त्यांचं छत आहे. संध्याकाळी आणि ढगाळ हवेत पानं मिटतं, म्हणून पाऊस खालच्या मातीपर्यंत पोचतो. परकं म्हणून त्याला नाकं मुरडणारे भेटतात. मी मुरडत नाही. ज्यानं शंभर वर्षं सावली दिली त्याला गाव विचारू नये. पण गेल्या दीड दशकात पिठ्या ढेकणानं आणि बुंध्याभोवती ओतलेल्या काँक्रीटनं ही झाडं रांगेनं वाळताना मुंबईकरांनी पाहिली आहेत. एकाच जातीची रांग लावली की रोगालाही रांग मिळते. मघाशी दर तीनांत एकच करंज म्हटलं ते म्हणून.

पुन्हा मोहाखाली या. बूड अवघडलं असेल तर मांडी बदला. आता वर्तुळ मोजायचं आहे.

सावलीच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत पावलं टाका. समजा २० मीटर भरलं. वर्तुळाचं क्षेत्रफळ शाळेत शिकलो होतो: ३१४ चौरस मीटर निघतं. आता आपला कायदा आठवा. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं आणि त्यावरच्या झाडाला वारसा वृक्ष मानलं आणि कापलेल्या झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावायची असं ठरलं. हेतू चांगला आहे. पण साठ वर्षांचं हे झाड गेलं आणि साठ रोपं आली, प्रत्येकाचा पसारा उदारपणे एक मीटर धरला, तर सगळ्यांची मिळून सावली ४७ चौरस मीटर. तीही साठ तुकड्यांत, एकेका तुकड्यात एक माणूस धड बसत नाही. पसाऱ्याचा व्यास दुप्पट झाला की सावली चौपट होते, हे यातलं मर्म. सहा मीटर पसाऱ्याची अकरा झाडं उभी केली तेव्हा कुठे या एका झाडाची बरोबरी होते. मुंबईच्या वृक्षगणनेत सुमारे २९.७५ लाख झाडं मोजली गेली आहेत. ती खोडं मोजली. मेच्या दुपारी एकूण किती जमीन सावलीत असते हा आकडा त्यात नसतो, आणि नाक्यावरच्या माणसाला तोच लागतो.

नेदरलँड्समधले वनतज्ज्ञ सेसिल कोनायनेंडाइक यांनी २०२१ साली एक सोपा नियम मांडला: प्रत्येक घरातून तीन झाडं दिसावीत, प्रत्येक वस्तीवर ३० टक्के छत्र असावं, ३०० मीटरवर बाग असावी. मला त्यातला मधला आकडा महत्त्वाचा वाटतो, कारण तो छत्राचा आहे. घरी गेल्यावर गच्चीवरून आपल्या गल्लीकडे बघा आणि स्वतःशी अंदाज करा. दहा टक्के? पाच?

आता जमिनीखाली उतरू या. हात मातीवर ठेवा.

आपल्याला वाटतं झाडाची मुळं म्हणजे उलटं झाड, जेवढं वर तेवढं खाली. तसं नसतं. काही मुळं खोल जातात, पण पाणी-अन्न शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांत पसरतात आणि फांद्यांच्या कडेच्याही पुष्कळ पलीकडे जातात. म्हणजे मघाशी उन्हात उभे होतात तेव्हाही तुम्ही बहुधा याच्या मुळांवर उभे होतात. शहरात तेवढ्याच पट्ट्यात आपण पेव्हर ब्लॉक, केबल, गटार आणि काँक्रीट घालतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ साली दिल्लीतल्या प्रकरणात बुंध्याभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. एक मीटर म्हणजे गळ्यावरचा हात काढण्याइतकंच. पण आधी तोही काढलेला नव्हता. आपल्या जुन्या पाराचे दगड चुन्या-मातीत बसवलेले असत, सांध्यांतून पाणी मुरे. आताचा सिमेंटचा पार बुंधा हातभर गाडून टाकतो आणि वर टाइल्स लावून देणगीदाराचं नाव कोरतो.

माझी एक चूक इथेच सांगून टाकतो. आमच्या सोसायटीनं एका पावसाळ्यात करंजाची रोपं आणली. चांगली पुरुषभर उंचीची, कारण कार्यक्रमाच्या फोटोत ती दिसायला हवी होती. आठव्या वर्षी जूनमधल्या एका रात्री त्यातलं एक आडवं झालं. सकाळी बघायला गेलो तर मुळं बाहेर आलेली, आणि ती चकलीसारखी गोल गुंडाळलेली. रोप पिशवीत फार काळ राहिलं होतं, मुळांनी पिशवीच्या आत फेऱ्या मारल्या होत्या, आणि आम्ही पिशवी फाडून तो गोळा तसाच खड्ड्यात बसवला होता. आठ वर्षं ते झाड वरून वाढत होतं आणि खाली पिशवीतच होतं. लावताना कात्रीनं चार उभे छेद दिले असते, वेटोळी मुळं सोडवून कापली असती, किंवा मुळात कमरेएवढं लहान रोप घेतलं असतं, तर ते आज उभं असतं. लहान रोप दोन-तीन वर्षांत मोठ्याला गाठतं. फोटोत मात्र दिसत नाही.

जव्हार-मोखाड्याची माती झाड लावण्याचा आणखी एक धडा देते. इथं पाऊस कमी नाही, उलट धबाबा पडतो. पण उतारावरून वाहून जातो आणि फेब्रुवारीपासून बायकांच्या डोक्यावर हंडे येतात. जूनमध्ये लावलेलं रोप जुलैत बुडून मरतं किंवा मार्चमध्ये तहानेनं. मुरमात खणलेला खड्डा पावसात विहीर होतो. म्हणून खड्डा मेमध्ये खणायचा, बाजू टिकावानं खरवडून सैल करायच्या, माती उन्हात तापू द्यायची, मग पोयटा आणि शेणखत मिसळून जमिनीपेक्षा वीतभर उंच भरायचा, कारण ती पावसात बसते. रोप पिशवीत जेवढं मातीत होतं तेवढंच मातीत जायला हवं, खोडाची मान गाडायची नाही. आणि खरं काम पुढच्या आठ महिन्यांचं. बायफ या संस्थेनं रुजवलेल्या वाडीच्या कामात आंबा-काजूच्या कलमाशेजारी मातीचं मडकं पुरायची युक्ती पुष्कळ ठिकाणी वापरली गेली. मडकं भरून ठेवायचं, पाणी पाझरत राहतं, मुळं त्या दिशेला खोल जातात. शहरात लाखाच्या ट्री गार्डमध्ये वाळलेली रोपं बघताना मला ते मडकं आठवतं. पहिले तीन उन्हाळे सांभाळा. दुसऱ्या वर्षी पाणी कमी वेळा पण भरपूर द्या, तिसऱ्या वर्षी आणखी लांबवा, म्हणजे मुळं खाली शोधायला जातील. आळ्यावर पालापाचोळा पसरा, बुंध्याला चिकटवू नका. आधाराची काठी सैल बांधा. वाऱ्यानं खोड थोडं हललं तरच ते जाड होतं. वर्ष-दीड वर्षानं काठी काढून टाका. विसरलेली दोरी खोडात रुतून झाड मेलेलं मी पाहिलं आहे.

फांद्यांबद्दलही सबुरी हवी. या भागात राबासाठी फांद्या तोडतात. पाला, काटक्या, शेण शेताच्या तुकड्यावर पसरून भाजतात आणि त्या राखेत नागलीची, भाताची पेर करतात. म्हणून इथले ऐन कधीकधी खांबासारखे दिसतात. शहरातही मे महिन्यात झाडं खांबासारखी दिसतात. फरक असा की राब तोडणाऱ्याला त्याच झाडाकडे पुन्हा यायचं असतं; तो पुन्हा फुटेल असं राखून तोडतो. छाटणीच्या ठेक्यावर आलेल्याला परत यायचं नसतं. रस्त्याच्या बाजूच्या सगळ्या फांद्या उतरवल्या की झाडाचा तोल दुसरीकडे जातो आणि वादळात ते पडलं की झाडालाच धोकादायक म्हणतात. फांदी कापायचीच तर खोडाशी जिथं फुगीर कडं असतं, ते राखून त्याच्या बाहेर कापावी, म्हणजे झाड स्वतः जखम भरतं. खालच्या फांद्या पहिली काही वर्षं ठेवाव्यात. त्यांच्या पानांनीच खोड पोसलं जातं. पुढे एकेक करून काढत डोक्यावर आठ-दहा फूट मोकळं करावं.

म्हाताऱ्या गृहस्थांची विडी कधीच विझली आहे. ते झोपलेत. सावली मघापेक्षा हातभर पूर्वेकडे सरकली आहे; बघा, तुमचा एक पाय उन्हात आला. आत घ्या.

याच पालघर जिल्ह्यात सोपारा आहे. १८८२ साली तिथं भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आठव्या लेखाचा. पुढे नवव्याचाही मिळाला. अशोकानं लावलेल्या वडांचा उल्लेख या तुकड्यांवर नाही. तो दिल्लीतल्या टोपरा स्तंभावरच्या सातव्या लेखात आहे. माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेला वड लावले, असं तिथं राजा सांगतो. मी त्या मजकुरातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात घोळवतो. झाडं कशासाठी लावली ते कोरलं आहे. किती लावली ते कोरलेलं नाही.

आता उठा. कपडे झटका. ज्यांना झोप लागली आहे त्यांना उठवू नका. पुन्हा एकदा उन्हात जाताना कडेपाशी थांबा आणि तुमचा नाका डोळ्यांसमोर आणा, पश्चिमेची बाजू, तारा नसलेली जागा, कोणाच्या दुकानाचा बोर्ड आड येतो ते. दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा. पहिले तीन उन्हाळे पाणी बहुधा त्याच्याच दुकानातून येणार आहे. वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या, पाठपुरावा करा. पाऊस यायला तीन आठवडे आहेत. खड्डा या आठवड्यात खणायला घ्या: तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल.